ड्रमचं पोट

४ मार्च

सुरुवातीला काय लिहायचं यावर पाव तास गेला. 'प्रिय' लिहिलं तर तू हसशील, 'चि.' लिहिलं तर फाडशील. म्हणून तारीख घातली आणि थेट कामाचं लिहिते. तुझा पत्ता मावशीकडून घेतला. तिच्यावर चिडू नकोस, पत्ता देईपर्यंत मी तिला धड जेवू दिलं नाही.

बाबा जानेवारीपासून माझ्याकडे आहेत. जुनी जागा सोडली. सामान आवरताना माळ्यावर तो स्नेअर ड्रम निघाला, तू टाकून गेलास तो. एकोणीस वर्षांत त्याच्या पेटीचं बक्कल कुणी उघडलं नव्हतं. बाबा म्हणाले, विकून टाक. मी दुकानात नेला. हो, अजून त्याच दुकानात आहे आणि ज्यांच्या हाताखाली दुरुस्ती शिकले त्या मिस्त्रींच्याच टेबलावर बसते. दुरुस्तीबरोबर आता जुन्या वाद्यांची पारखही करते. वाद्य कुठल्या सालचं, त्यातलं मूळचं काय, मागून लावलेलं काय आणि त्यावरून किंमत किती, हे दाखल्यावर लिहून सही करायची. माझ्या सहीशिवाय मालक जुनं वाद्य विकत नाहीत.

एक गिऱ्हाईक आहे. दातांचे डॉक्टर आहेत आणि घरी ड्रमही बत्तीसच आहेत अशी दुकानात थट्टा चालते. ते ३१ तारखेला येणार. त्याआधी दाखला तयार पाहिजे, म्हणून विचारते. दौऱ्यावर असताना तू वरच्या तोंडावरचं हेड बदललं होतंस का? खालच्या तारा किंवा त्या ओढायची कळ बदललीस का? आणि हेड काढलं तेव्हा आत काही होतं का? नीट आठवून लिही.

उगाच यातून अर्थ काढत बसू नकोस. त्या दिवशी झालं ते झालं. आठ महिने गावोगाव वाजवून तू परत आलास, बाबांनी ड्रमवर एक हात मारला आणि म्हणाले, हा माझा ड्रम नाही. मला विचारलं. मी ड्रमच्या बिल्ल्यावरचा आकडा सालांच्या यादीशी ताडून सांगितलं की हा सत्तर सालचा आहे, बाबांनी पासष्टला घेतलेला हा असूच शकत नाही. तू मूळचा विकून हा आणलास असं मी म्हणाले नव्हते. ते बाबा म्हणाले. तेव्हा तू शर्टाच्या खिशाकडे हात नेलास. मला वाटलं, आता पावती काढून दाखवतोस. हात रिकामाच खाली आला. मग माणसाने काय समजायचं?

उत्तर लवकर पाठव.

ताई

१३ मार्च

तुझं कार्ड मिळालं. 'हेड फाटलं, बदललं. तारा बदलल्या. कळ मोडली, दुसरी लावली. विका.' एकोणीस वर्षांनी दीड ओळ. कार्डाचे पैसे तरी वसूल करायचेस.

मी तीन प्रश्न विचारले होते. तिसऱ्याचं उत्तर नाही. तू विसरलास असं वाटत नाही, कारण बाकीच्या दोन्हींची उत्तरं तू अगदी क्रमाने दिली आहेस.

आता माझंही ऐक. मागच्या पत्रात मी एक गोष्ट लपवली. ते पत्र लिहायच्या आदल्या दिवशीच ड्रम उघडून झाला होता. दहा बोल्ट, एक किल्ली, पंधरा मिनिटांचं काम. वरचं कडं काढलं, हेड उचललं आणि आत दिवा धरला. घेराच्या लाकडावर लाल शाईचा शिक्का आहे, थोडा तिरका पडलेला. जून ६४.

तुझ्यासाठी सोपं करून सांगते. त्या कारखान्यात लाकडी घेर तयार झाला की आतून तारखेचा शिक्का मारायचे. बिल्ला नंतर लागायचा आणि बिल्ले डब्यातून मूठभर घेऊन, हाताला येईल तसे ठोकायचे. त्या आकड्यांना क्रमच नाही. याद्या पुढे हौशी लोकांनी अंदाजाने बनवल्या. शिक्का खरा, आकड्यावर भरवसा नाही, हे आज या धंद्यातलं शेंबडं पोरही सांगेल. तेव्हा मला माहीत नव्हतं.

म्हणजे हा ड्रम सत्तरचा नाही. चौसष्टला तयार झाला आणि बाबांनी पासष्टला घेतला, हे जुळतं. पण त्या वर्षी असे हजारो निघाले असतील. हा तोच, हे शिक्क्यावरून सिद्ध होत नाही. मी पारखी आहे, पुराव्याशिवाय बोलत नाही. (हे वाक्य लिहून मी बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले.)

चौसष्टच्या ड्रमची किंमत सत्तरच्या तिप्पट येते, म्हणून मालक खूश आहेत. अडलंय ते बाबांपाशी. दाखल्यावर वाद्याच्या मालकाचीही सही लागते. मी कागद पुढे केला तर त्यांनी चष्मा काढून ठेवला. 'माझा नाही तो. त्याने कुठून उचलला त्याला ठाऊक. मी चोरीच्या मालावर सही करणार नाही.' एक्क्याऐंशीव्या वर्षी हाताला कंप आहे, पण आवाजाला नाही.

शिक्क्याचं मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. उद्या सांगते, उद्या सांगते करत दहा दिवस गेले. रोज संध्याकाळी घरी गेले की ते विचारतात, गेला का तो एकदाचा? मी म्हणते, कागद व्हायचेत. ते मान हलवतात आणि पुन्हा रेडिओकडे वळतात.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर दे.

ताई

१९ मार्च

ठोक्या,

जेवणाच्या सुट्टीत दुकानाचं दार आतून लावून लिहिते आहे. मालक बाहेर गेलेत, अर्धा तास आहे.

शिक्क्याच्या समोरच्या बाजूला सरसाचा डाग आहे. तळहातापेक्षा जरा मोठा, वर सरळ आणि खाली दोन्ही कोपरे गोल. सरसात किरमिजी धागे अडकलेत आणि पिवळ्या दोऱ्याचे दोन तुकडे. भिंगाखाली धरून बघितले. आपल्या घरात सगळं पिवळ्या दोऱ्याने शिवलेलं असायचं ना? माझा काळा परकर, तुझी निळी चड्डी, उशांचे अभ्रे. आईला कुणीतरी पिवळ्या दोऱ्याचं भलंमोठं रीळ दिलं होतं आणि ते संपेपर्यंत ती दुसरा रंग आणणार नव्हती. ते कधी संपलंच नाही.

आणि बाबांचा हॉटेलच्या बँडचा किरमिजी कोट. आपल्या आठवणीत त्याला खिसा एकच. दुसरा शिंप्याने घालवला असं आई सांगायची आणि बँडवाले बाबांना 'एकखिशे' म्हणायचे. काल बाबा आंघोळीला गेले तेव्हा कपाटातून कोट काढला. गेलेल्या खिशाच्या जागी कापड अजून गडद आहे. पट्टीने मोजलं. डागाशी तंतोतंत जुळतं.

आता मला सगळं उलगडत चाललंय. बाबांचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं तेव्हा मी पाच वर्षांची होते, तू अंगावर पीत होतास. नऊ दिवस ते दवाखान्यात होते. खालच्या मजल्यावरचे ते गृहस्थ रोज जिन्यात उभे राहून आईला सुनवायचे, आवाज बंद करा नाहीतर जागा खाली करायला लावतो. बाबा तर ड्रमला कुणाला बोट लावू देत नसत. म्हणून त्या नऊ दिवसांतच आईने कोटाचा खिसा उसवून, आवाज दबावा म्हणून ड्रमच्या आत चिकटवून घेतला असणार. दवाखान्यातून आले, वाजवला आणि म्हणाले, आवाज मुरलाय. वाद्याला विश्रांती दिली की आवाज मुरतो, हे व्याख्यान नंतर आपण जन्मभर ऐकलं. पाहुणा आला की आधी ड्रम, मग व्याख्यान, मग पाणी. आई स्वयंपाकघरात पदराने तोंड पुसत उभी असायची. पुसत नव्हती रे, हसत होती.

बाबांना कळलं कसं नाही, ते तुला ठाऊकच आहे. वाजवणाऱ्याने आपल्या ड्रमचं पोट बघू नये, बघितलं की आवाज रुसतो, हे त्यांच्या वेळच्या सगळ्या बँडवाल्यांचं ठाम मत. हेड बदलायचं तर मिस्त्रींनी, आणि तेवढा वेळ बाबा रस्त्यावर फेऱ्या मारणार. म्हणजे मिस्त्रींना माहीत होतं. सरस त्यांचाच असणार. मी त्यांच्या हाताखाली शिकत होते तेव्हा बाबांचा ड्रम दुकानात आला की मला चहा आणायला पाठवायचे. मी वेडी, मला वाटायचं त्यांना चहाची तल्लफ येते.

म्हणजे तो ड्रम हाच आहे. तू परत आणलास तोच. आवाज बदलला कारण आतलं कापड गेलं होतं. बाबांचा कान चुकला नाही. चुकले मी.

आता जे लिहायचं आहे त्यासाठी खरं तर दार लावलं.

मागच्या पत्रात 'मला माहीत नव्हतं' असं लिहिलं ते खोटं आहे. यादीच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ होती: आकड्यांना क्रम नाही, फक्त यावरून साल ठरवू नये. मी ती वाचली होती. तुम्हा दोघांसमोर यादी उघडली तेव्हा तेवढ्या भागावर अंगठा ठेवला. मिस्त्री जाऊन तीन महिने झाले होते. बाबा आयुष्यात पहिल्यांदा मला काही विचारत होते, 'तू शिकली आहेस, तू सांग' असं म्हणत होते. तो ड्रम त्यांनी तुझ्या हातात दिला तेव्हा मला साधं विचारलंही नव्हतं की तुला हवा का. घरात ठेका धरताना माझा हात तुझ्यापेक्षा सरळ पडायचा हे तुलाही माहीत आहे. पंधरा मिनिटं घेऊन ड्रम उघडला असता तर शिक्का दिसला असता. मला उघडायचा नव्हता. मला बरोबर ठरायचं होतं.

माझं चुकलं, ठोक्या. चुकलं म्हणणंही कमीच, कारण चूक नकळत होते.

मालकांची किल्ली वाजतेय. ते कापड तुला दिसलं होतं का, एवढंच लिही.

ताई

२७ मार्च

पाकीट दुकानाच्या पत्त्यावर आलं ते बरं झालं. मालकांसमोरच फोडलं आणि मग मला मागच्या खोलीत जाऊन बसावं लागलं.

किरमिजी खिसा. धागे सुटू नयेत म्हणून चारही बाजूंनी घातलेला पिवळा दोरा. एका कडेला वाळलेला सरस. घड्या पाडून इतका गुळगुळीत झालाय की कळतंय, तो पेटीत पडून नव्हता, जवळ होता.

आणि तुझी चिठ्ठी: 'निम्मा सुटून लोंबत होता, वाजवताना खडखडायचा, म्हणून काढला. आईचा दोरा बघून कळलं. बाबांना सांगू नकोस. त्यांचा आवाज मुरलेलाच राहू दे.'

म्हणजे त्या दिवशी तू खिशाकडे हात नेलास तेव्हा तो तुझ्या खिशात होता. तू तो काढून टेबलावर ठेवला असतास तर मी तोंडघशी पडले असते आणि तू आज इथे असतास. पण बाबांना कळलं असतं की ज्या आवाजावर ते पंचवीस वर्षं मिरवले तो आईने खालच्या मजल्यावरच्या माणसाच्या धाकाने चिकटवलेला खिसा होता. म्हणून तू चोर झालास. अरे, तुला एवढं मोठं व्हायला सांगितलं कुणी? मला रडू येतंय आणि तुझ्या कानाखाली वाजवावीशीही वाटतेय.

आणि आता वर मलाच सांगतोस, बाबांना सांगू नकोस.

चार दिवस राहिलेत. डॉक्टरांचे रोज फोन येतात. मालक आज म्हणाले, म्हाताऱ्या माणसाला कशाला त्रास देता, मुलगी आहात, त्यांच्या जागी तुम्हीच सही करा. किती सोपं आहे बघ. मी सही करते, ३१ तारखेला ड्रम जातो, डॉक्टर स्पिरिटचा बोळा फिरवून सरसाचा डाग पुसतात आणि माझा अंगठा ज्या ओळीवर होता ती ओळ जगात कुणी वाचत नाही. तू गप्प, मी गप्प, बाबा रेडिओसमोर. त्यांच्या लेखी तू चोरच. तुझीही तीच इच्छा आहे.

तुझं ऐकलं तर तू मोठा आणि मी सुटलेली. नाही ऐकलं तर बाबांचं काय होईल मला माहीत नाही. एकोणीस वर्षं ज्या मुलाचं नाव घेतलं नाही तो खरा होता, हे या वयात कसं पचवायचं? काल जेवताना त्यांच्या हातातून चमचा पडला तर मी ताटावरून उठून उभी राहिले.

आज खिसा माझ्या पर्समध्ये आहे. उद्या कुठे असेल सांगता येत नाही.

ताई

३१ मार्च

ठोक्या,

तुझं ऐकलं नाही.

काल दुकान बंद होतं. परवा येतानाच ड्रम घरी आणला होता. सकाळी जेवणाच्या टेबलावर ठेवला, दहा बोल्ट सोडले, हेड काढलं. बाबा सवयीने उठून बाहेर निघाले. मी म्हणाले, बाबा, बसा. ते बसले, पण तोंड भिंतीकडे करून.

त्यांच्या पाठीलाच सगळं सांगितलं. आधी यादी, मग अंगठा. एक शब्द गाळला नाही, तू तिथे असतास तर तूच म्हणाला असतास, पुरे. मग शिक्का सांगितला. ते भिंतीकडे बघूनच म्हणाले, चौसष्ट सालचा काय एकच ड्रम असेल? हेच मी तुला लिहिलं होतं. त्यांचीच मुलगी.

मग कोट टेबलावर पसरला आणि गेलेल्या खिशाच्या जागी खिसा ठेवला. ते वळले. त्यांनी खिसा उचलला नाही. पिवळ्या दोऱ्यावरून बोट फिरवत राहिले, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग चष्मा लावला, दोन्ही हात टेबलावर टेकले आणि ड्रमच्या पोटात बघितलं. साठ वर्षांत पहिल्यांदा. मी दिवा धरला होता.

मग ते पुन्हा खुर्चीत बसले.

'म्हणजे तो मुरला नव्हताच,' बाबा म्हणाले.

मी म्हणाले, नाही.

'मी तिथे पोटाला टाके घालून पडलो होतो, आणि ही इथे याच्या पोटात खिसा घालत होती.' ते हसायला लागले आणि हसताहसता त्यांचा चेहरा कधी बदलला मला कळलं नाही. मी त्यांना असं कधी बघितलं नव्हतं, आई गेली तेव्हाही नाही. मी पाणी आणलं. ते तसंच राहिलं.

मग विचारलं, त्याला माहीत होतं? मी तुझी चिठ्ठी दिली. त्यांनी वाचली, दुमडली आणि सदऱ्याच्या खिशात घातली. मी मागितली तर दिली नाही. अजून त्यांच्याकडेच आहे.

'माझ्या कानाने खरं सांगितलं होतं,' ते म्हणाले. 'आवाज बदललाच होता. पोटात बघायचं तेवढं राहिलं.' मला त्यांनी काही म्हटलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. दुपारी फक्त म्हणाले, सरस आहे का घरात? खिसा होता तिथे चिकटव.

आज सकाळी सरस वाळला. हेड चढवलं, बोल्ट आवळले. बाबा या वेळी बाहेर गेले नाहीत, समोर बसून बघत होते आणि कुठला बोल्ट ढिला आहे ते मला सांगत होते, जसं काही हा धंदा तेच करतात. मग एक हात मारला. डोळे मिटले, पुन्हा मारला. 'हा माझा,' म्हणाले. खालून कुणी काही बोललं नाही.

दुपारी ड्रम दुकानात नेला आणि दातांचे डॉक्टर आले. हेड पुन्हा काढायला लावलं, भिंग लावून बघितलं, आतला खिसा दिसला तेव्हा तोंड कडू झालं त्यांचं. तो काढून डाग साफ करून द्या, पूर्ण किंमत देतो, म्हणाले. मी म्हणाले, ड्रमच्या मालकाला विचारावं लागेल आणि मालक गावात नाहीत. आमच्या दुकानाचे मालक तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. बोलतील, त्यांनाही दुसरं कोण पारखी मिळतंय?

दाखला सोबत पाठवते, तुझी प्रत. घेर मूळचा, जून ६४. बिल्ला मूळचा, त्यावरच्या आकड्यावरून साल ठरवू नये. कळ आणि तारा मागून लावलेल्या. आत कापडी खिसा, कारखान्याचा नाही, काढू नये. किंमत लिहिली आहे, खिशामुळे एक तृतीयांशाने कमी झाली. मी पारखी आहे, घरचं वाद्य असलं तरी फुगवून लिहिणार नाही. मालकाच्या रकान्यात तुझं पूर्ण नाव आहे. ते मी नाही लिहिलं. अक्षर हललेलं आहे, पण वाचता येतं.

त्याच्या खाली सहीची जागा रिकामी आहे. ती पोस्टाने पाठवलेली चालत नाही, दुकानाचा नियम आहे. हा नियम मी आजच केला.

पाकीट बंद करत होते तेव्हा बाबांनी रेडिओ बंद केला आणि विचारलं, तो अजून डावा हात जड मारतो का? मी म्हणाले, मला काय माहीत, एकोणीस वर्षांत ऐकलंय कुठे. ते म्हणाले, मग विचार त्याला.

म्हणून विचारते. उत्तर कागदावर देऊ नकोस.

ताई